चिकोडीचा मुलगा, डेट्रॉइटचा खासदार

आमचे होटगी हे जंक्शनचे गाव. सोलापूरहून आलेले रूळ इथे फुटतात. एक फाटा वाडी-रायचूरच्या बाजूला जातो, दुसरा विजापूरवरून गदगला. फलाटावरच्या बाकावर घटकाभर बसले की एका कानात मराठी पडते आणि दुसऱ्या कानात कानडी. पुष्कळांच्या घरात तर दोन्ही एकाच वाक्यात नांदतात. त्यामुळे माणूस कुठला, हा प्रश्न आमच्याकडे कुणी फारसा विचारीत नाही.

पण मागच्या पावसाळ्यात एका शेतकरी गृहस्थांनी तो मला विचारला. त्यांचा मुलगा रसायनशास्त्रात एम.एस्सी. होत आला आहे आणि पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत जायचे म्हणतो आहे. शेजारी पिशवी ठेवून ते म्हणाले, "सर, एक सांगा. पोरगं तिकडं गेलं, समजा तिथंच ऱ्हायलं, तर ते तिथलं हुतंय का? का जलमभर पावनाच?"

मी म्हणालो, "अण्णा, याचं उत्तर एका वाक्यात नाही देता येत." आणि तेवढ्यात गाडी आली. तर ते राहिलेले उत्तर आज देतो. त्यासाठी मी एका माणसाची गोष्ट निवडली आहे. हा माणूस आपल्याच शेजारचा, बेळगावकडचा. त्याने रसायनशास्त्रच शिकले आणि तो अमेरिकेच्या संसदेत जाऊन बसला. त्यांचे नाव श्री ठाणेदार. इथे 'श्री' हा आदरार्थी शब्द नाही बरं का, नावच 'श्री' आहे.

त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९५५ चा, चिकोडीचा. त्या वेळी चिकोडी, बेळगाव हा सारा मुलूख मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि तो म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे पावणेदोन वर्षांच्या या पोराने घराचा उंबरठाही ओलांडला नव्हता आणि त्याचे राज्य बदलून गेले होते. सीमाभागातल्या माणसाला हा अनुभव नवा नाही. राहतो तिथेच राहायचे, आणि आपण कुठले हे दुसऱ्यांनी ठरवायचे.

बालपण बेळगावात गेले. घरची स्थिती बेताची. श्री चौदा वर्षांचा असताना वडिलांना पंचावन्नाव्या वर्षी सक्तीने नोकरीतून निवृत्त व्हावे लागले. घरात खाणारी तोंडे आठ. मिळेल ती किरकोळ कामे करून या मुलाने घराला हातभार लावला आणि शिकणेही सोडले नाही. १९७३ साली, अठराव्या वर्षी, कर्नाटक विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी हाती आली. (त्याच वर्षी म्हैसूर राज्याचे नावही कर्नाटक झाले.) पुढे १९७७ साली मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी., मग तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम, आणि १९७९ साली अमेरिका. ओहायो राज्यातल्या ॲक्रन या रबरासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरातल्या विद्यापीठाने १९८२ साली त्यांना पॉलिमर रसायनशास्त्रात पीएच.डी. दिली.

इथवरची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. हुशार मुलगा, गरिबी, शिष्यवृत्ती, परदेश. वर्तमानपत्रे ती छापतात, आपण ती वर्गात वाचून दाखवतो, मुले माना डोलावतात. पण मला इथे थांबून एक वेगळेच विचारायचे आहे. चिकोडीच्या मुलाला अमेरिकेचे दार उघडे मिळाले ते कसे? ते काय नेहमीच उघडे होते? आणि उघडले असेल तर कुणी उघडले? हे कळल्यावाचून पुढच्या गोष्टीतले मर्म कळायचे नाही. म्हणून शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाऊ.

अमेरिकेत बाहेरून येऊन राजकारणात शिरण्याचा धडा घालून दिला तो आयर्लंडच्या लोकांनी. आयर्लंडवर इंग्रजांचे राज्य होते. गोरगरीब बटाट्यावर जगत. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि असा दुष्काळ आला की सुमारे दहा लाख माणसे मेली व साधारण तेवढीच देश सोडून गेली. दुष्काळ म्हणजे काय ते सोलापूर जिल्ह्याला सांगायला नको. गेले त्यांतले फार मोठे लोंढे अमेरिकेत उतरले. ते कालवे खणीत, रूळ टाकीत, गोदीत ओझी वाहत. धर्माने कॅथलिक, म्हणून तिथल्या प्रॉटेस्टंट लोकांच्या डोळ्यांत सलत. १८५० नंतरच्या दशकात तर तिथे एक पक्षच निघाला. परक्याला एकवीस वर्षे राहिल्याखेरीज नागरिकत्व देऊ नये, असे त्याचे म्हणणे होते.

अशा आयरिशांपैकीच एक जेम्स शील्ड्स. तो दुष्काळाच्या आधी गेलेला. १८०६ साली टायरोन परगण्यात जन्मला, विशीच्या सुमारास अमेरिकेत आला, इलिनॉय राज्यात वकिली करू लागला आणि राज्याचा हिशेबनीस झाला. त्याची एक गंमतीची हकीगत आहे. १८४२ साली एका वर्तमानपत्रात टोपणनावाने पत्रे आली. त्यांत या हिशेबनीस साहेबांची यथेच्छ टवाळी होती. पत्रांमागे कोण, याचा शोध घेता एक तरुण वकील निघाला, अब्राहम लिंकन! शील्ड्सने त्याला द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. हत्यार निवडण्याचा हक्क लिंकनचा. त्याने तलवार निवडली, कारण त्याचे हात लांब होते. मिसिसिपी नदीतल्या एका बेटावर दोघे समोरासमोर आलेसुद्धा. मित्रांनी मध्ये पडून समेट केला म्हणून बरे, नाहीतर पुढचा इतिहास काय झाला असता कोण जाणे.

तो शील्ड्स पुढे सिनेटवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून गेला. १८४९ साल. पण सिनेटने त्याची निवड रद्द केली. कारण काय? तिथल्या घटनेप्रमाणे सिनेटरला नऊ वर्षे तरी नागरिक असावे लागते. कनिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे प्रतिनिधिगृहाच्या सभासदाला सात वर्षे. शील्ड्सने १८४० च्या ऑक्टोबरात नागरिकत्व घेतले होते. नऊ वर्षांना काही महिने कमी! गडी परत गेला, नऊ वर्षे भरू दिली, पुन्हा निवडून आला आणि त्याच वर्षअखेर सन्मानाने जागेवर बसला. नंतर मिनेसोटा राज्याने त्याला सिनेटर केले, शेवटी १८७९ साली मिसूरीने. तीन वेगवेगळ्या राज्यांतून सिनेटवर गेलेला अमेरिकेच्या इतिहासातला तो एकटाच.

काही महिने कमी पडले म्हणून अडला, पण ते भरताच आत गेला. म्हणजे आयरिश माणसापुढे वाट पाहण्याचा प्रश्न होता, दार त्याला बंद नव्हते. १७९० सालच्या कायद्याने 'स्वतंत्र गोऱ्या माणसाला' नागरिकत्व मिळे. आयरिश गरीब असेल, कॅथलिक असेल, पण गोरा होता. आफ्रिकी वंशाच्या माणसांना हा हक्क १८७० साली देण्यात आला. आशियाचा माणूस दोन्हींत बसेना.

इथे इतिहासाने एक कडू गोष्ट नोंदवून ठेवली आहे. ज्या आयरिशांनी अपमान सोसले, त्यांच्यातलेच काही जण दुसऱ्या दुबळ्यांवर उलटले. १८६३ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगल झाली. तिच्यात आयरिश मजूर पुष्कळ होते, आणि मार पडला तो शहरातल्या काळ्या लोकांवर. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत डेनिस कर्नी नावाचा, कॉर्क परगण्यातून आलेला एक पुढारी उदयाला आला. आपल्या भाषणांत चिनी लोकांना हाकलून द्या, अशी आरोळी तो पुन्हा पुन्हा ठोकी. स्वतः बोटीतून उतरून फार वर्षे झाली नव्हती! डब्यात कसाबसा शिरलेला उतारू पुढच्या स्टेशनवर दार आतून दाबून धरतो, हे आपण सोलापूर-पुणे पॅसेंजरच्या गर्दीत पाहिलेलेच आहे.

आता आपल्या लोकांचे पाहा. भगतसिंग थिंड नावाचे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तरी १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हे 'गोरे' नव्हेत, तेव्हा नागरिक होऊ शकत नाहीत. याआधी ज्या हिंदी लोकांना नागरिकत्व मिळाले होते, त्यांतल्या काहींचे ते काढून घेण्यात आले. हा दरवाजा १९४६ साली किलकिला झाला. हिंदी माणसाला नागरिक होता येऊ लागले, पण नव्याने यायला परवानगी वर्षाला फक्त शंभरांना. त्या फटीतून दलीपसिंग सौंद शिरले. अमृतसर जिल्ह्यातल्या खेड्यातले हे गृहस्थ १९२० साली गेलेले, गणितात पीएच.डी. झालेले आणि दुसरी चांगली नोकरी मिळेना म्हणून कॅलिफोर्नियात शेती करीत राहिलेले. १९४९ साली नागरिक झाले. १९५० साली गावच्या न्यायाधीशाच्या जागी निवडून आले तर ती जागा त्यांना मिळाली नाही. का, तर नागरिकत्वाला एक वर्ष पुरे झाले नव्हते. शील्ड्सचीच गोष्ट पुन्हा! ते १९५२ साली परत उभे राहून निवडून आले आणि १९५७ साली प्रतिनिधिगृहात जाऊन बसले. तिथे पोचलेले आशियाई वंशाचे पहिले सभासद तेच.

आणि मग १९६५. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर रोजी नव्या कायद्यावर सही केली आणि अमुक देशाचे इतकेच लोक घेऊ, ही जुनी वाटणी गेली. शिकलेल्या, हुन्नर असलेल्या माणसांना आशियातूनही येता येऊ लागले. हा कायदा आकाशातून पडला नाही. त्याच काळात अमेरिकेतले काळे लोक समान हक्कांसाठी रस्त्यावर उतरले होते, लाठ्या खात होते, तुरुंगात जात होते. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५ च्या ऑगस्टमधला मतदान हक्काचा कायदा ही त्यांच्या लढ्याची फळे. माणसामाणसांत वंशावरून भेद करणे लाजिरवाणे आहे, ही जाणीव त्या लढ्याने तिथल्या राज्यकर्त्यांना आणून दिली, आणि त्याच लाटेत परदेशी लोकांवरचीही जुनी बंधने वाहून गेली. चिकोडीच्या मुलासाठी दार उघडले ते असे. हा धागा हातात धरून ठेवा, पुढे लागेल.

तर पुन्हा ठाणेदारांकडे. पीएच.डी.नंतर मिशिगन विद्यापीठात काही काळ संशोधन, मग मिसूरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात एका कंपनीत नोकरी. मिसूरी म्हणजे शील्ड्सचे शेवटचे राज्य. १९८८ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. नव्वदीच्या आरंभी कर्ज काढून त्यांनी एक लहानशी प्रयोगशाळा विकत घेतली. तिचे काम मोठे मजेदार. समजा, तुमच्यापुढे कुणी शेंगाचटणीची वाटी ठेवली आणि म्हणाले, हिच्यात काय काय आहे आणि किती किती ते सांगा. हाताला चव असलेली आपली एखादी आजी चाखून सांगेल, लसूण एवढा, तिखट एवढे, मीठ जरा जास्त. रंग, गोंद, साबण, औषधे यांच्या बाबतीत हेच काम यंत्रांच्या मदतीने करायचे. एखादा माल बिघडला तर का बिघडला हे शोधायचे. याची कारखान्यांना गरज असते. धंदा वाढला, माणसे वाढली, उद्योजक म्हणून पारितोषिके मिळाली. मधल्या काळात, १९९६ साली, पहिल्या पत्नीचे अकाली निधन झाले आणि दोन लहान मुलगे पदरी राहिले. पुढे त्यांनी दुसरा विवाह केला. या सगळ्यावर 'ही श्रीची इच्छा' नावाचे त्यांचे मराठी पुस्तक आहे. आपल्याकडच्या पुष्कळ तरुणांनी ते वाचले आहे. कदाचित तुमच्या गावच्या वाचनालयातही असेल.

पुस्तक वाचून भारावून जाणे सोपे असते. आयुष्य मात्र पुस्तकाच्या शेवटच्या पानावर थांबत नाही. धंदा वाढवण्यासाठी मोठी कर्जे घेतली होती. २००८ ची मंदी आली, औषध कंपन्यांची कामे आटली, आणि २०१० साली बँकेने कंपन्यांचा ताबा घेतला. वीस वर्षांचे उभे केलेले गेले. न्यू जर्सीतली जनावरांवर औषधांच्या चाचण्या करणारी एक प्रयोगशाळाही त्यात बंद पडली आणि तिच्यातली शंभरावर कुत्री आत अडकून राहिली. पुढे त्यांना घरे मिळाली, पण हा विषय विरोधकांनी नंतरच्या निवडणुकांत काढल्यावाचून सोडला नाही. ठाणेदार मिशिगन राज्यात ॲन आर्बरला गेले, तिथे पुन्हा एक प्रयोगशाळा उभी केली आणि २०१६ साली तिचा मोठा हिस्सा विकून पुन्हा धनवान झाले. पंचावन्नाव्या वर्षी वडिलांची नोकरी गेली होती, पंचावन्नाव्याच वर्षी मुलाचा धंदा गेला. वडिलांना दुसरी संधी मिळाली नाही, मुलाला मिळाली. हा फरक माणसांतला म्हणावा की देशांतला, ते मला ठरवता येत नाही.

आता राजकारण. आयरिश लोक राजकारणात शिरले ते संख्येच्या बळावर. मोहल्ला एक, चर्च एक, मते एकगठ्ठा. नव्याने उतरलेल्याला काम मिळवून द्यायचे, आजाऱ्याला कोळसा पोचवायचा आणि निवडणुकीत त्याचे मत घ्यायचे, ही न्यूयॉर्कच्या आयरिश पुढाऱ्यांची रीत. मराठी माणसाजवळ अमेरिकेत असा गठ्ठा नाही. ठाणेदारांजवळ दुसरे बळ होते, स्वतःचा पैसा. २०१८ साली त्यांनी थेट मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उडी घेतली. तिथे आधी पक्षाच्या आत निवडणूक होते आणि कोणता उमेदवार उभा राहावा हे साधे मतदारच ठरवतात. डेमोक्रॅटिक पक्षाच्या त्या निवडणुकीत त्यांनी स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर ओतले आणि तिसरे आले. यांची तत्त्वे खरी कोणती, अशी टीकाही झाली, कारण २००८ साली त्यांनी विरुद्ध पक्षाच्या मॅकेन यांना देणगी दिली होती. हरले, पण डेट्रॉइट शहरात त्यांना चांगली मते पडली होती. ते त्यांनी हेरले. मुक्काम डेट्रॉइटला हलवला, २०२० साली तिथून राज्याच्या विधानसभेवर गेले आणि २०२२ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहासाठी उभे राहिले.

डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे शहर. सोलापूरच्या माणसाला ते चटकन समजेल. आपल्याकडे जसे गिरणीच्या भोंग्यावर शहर उठत होते, तसे तिथे मोटार-कारखान्यांच्या पाळ्यांवर. १९५० साली वस्ती साडेअठरा लाखांच्या घरात होती. कारखाने हलले, गोरे लोक उपनगरांत निघून गेले, घरे ओस पडली. २०१३ साली महापालिकेनेच दिवाळे काढले. २०२० च्या शिरगणतीत वस्ती उरली ६ लाख ३९ हजार, आणि तिच्यात चारांतले तीनांहून अधिक लोक काळे. हे लोकही मुळात बाहेरून आलेलेच. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरून, तिथल्या जुलुमाला कंटाळून, कारखान्यांत कामाला आलेले. पण आले ते एकाच देशाच्या आत, आणि त्यांच्या पूर्वजांना त्या देशात आणले होते साखळदंड घालून.

या शहराने चार्ल्स डिग्ज नावाच्या काळ्या पुढाऱ्याला संसदेत पाठवले. ते सभागृहात बसले १९५५ च्या जानेवारीत. आपले ठाणेदार जन्मले त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. तेव्हापासून डेट्रॉइटच्या वतीने संसदेत कुणी ना कुणी काळा सभासद सतत होता. त्यांत जॉन कॉनियर्स यांची कारकीर्द तर अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. ते सभागृहात आले १९६५ साली. हो, त्याच १९६५ साली.

२०२२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत ठाणेदारांसह नऊ उमेदवार होते. शहरातल्या काळ्या पुढाऱ्यांना धोका दिसत होता. त्यांच्यातल्या काहींनी एकत्र बसून एकाच नावावर मते एकवटण्याचा प्रयत्न केला. पण ऐकतो कोण? आपल्या ग्रामपंचायतीत एका भावकीतून चार अर्ज येतात, तेव्हा वडीलधाऱ्यांची जी गत होते तीच तिथे झाली. ठाणेदारांनी लक्षावधी डॉलर खर्च केले, दूरदर्शनवर ते सतत दिसत राहिले आणि सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. डेट्रॉइट हा डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला असल्याने नोव्हेंबरची निवडणूक औपचारिकच होती. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी शपथ घेतली. आणि जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदाच त्या शहराचा एकही काळा प्रतिनिधी संसदेत उरला नाही.

बेळगावात, मुंबईत, अमेरिकेतल्या मराठी मंडळांत आनंद झाला. आपल्या वर्तमानपत्रांनी ठळक मथळे दिले. मलाही आनंद झाला, खोटे कशाला सांगू? पण डेट्रॉइटच्या वर्तमानपत्रांतले मथळे वेगळे होते. तिथे लोक विचारीत होते की आमच्या आजोबांनी लाठ्या खाऊन मिळवलेली जागा पैशाच्या जोरावर गेली का? यावर ठाणेदारांचे म्हणणे असे की मी गरिबीतून आलो आहे, गरिबांचे दुःख जाणतो आणि मला मते दिली ती याच शहराच्या लोकांनी. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मते काळ्या लोकांनी दिली हे खरे, त्यांच्या मतांवाचून तिथे कुणी जिंकूच शकत नाही. आणि ज्या दारातून ठाणेदार त्या देशात आले ते दार उघडण्यात त्याच लोकांच्या लढ्याचा वाटा होता, हेही तितकेच खरे. मला विचाराल तर अशा माणसाच्या डोक्यावर मोठे ऋण असते. ते कसे फिटते, हे मथळ्यांवरून कळणार नाही. त्याने संसदेत कुणासाठी काय मागितले, यावरून कळेल.

२०२३ साली त्यांनी हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन नागरिकांच्या प्रश्नांसाठी सभासदांचा एक गट स्थापन केला. २०२४ साली ते पुन्हा निवडून आले. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवावा म्हणून सात कलमे मांडली. खुद्द त्यांच्या पक्षाच्या नेत्यांना ते घाईचे वाटले आणि मे महिन्यात त्यांनी मतदानाचा आग्रह मागे घेतला. काहींना ते धैर्य वाटले, काहींना नुसता गाजावाजा. एक मात्र आहे, जन्माने नागरिक नसलेल्या माणसाला तिथे राष्ट्राध्यक्ष कधीच होता येत नाही, घटनाच तसे सांगते. तेव्हा राष्ट्राध्यक्षाला जाब विचारणे, इथपर्यंतच त्याची मजल.

आता आपल्याकडे जरा पाहू. सोलापूर शहर हातमागावर आणि गिरण्यांवर वाढले, त्यात तेलंगणाकडून आलेल्या पद्मशाली विणकरांचा वाटा केवढा मोठा! त्यांच्या घरांत अजून तेलुगू बोलतात, पोरे मराठी शाळेत जातात, आणि त्याच समाजातून शहराला महापौर, आमदार, खासदार मिळाले. त्यांना कुणी चौकशी केली का, की तुम्ही कुठले? माझ्या वर्गात एकदा ही सारी हकीगत सांगितली तेव्हा तेलुगू आडनावाची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, आमचे आजोबा इथं आले तेव्हा त्यांना सात वर्षं थांबावं लागलं नाही." वर्ग हसला. गुरुजींना माझे सांगणे एवढेच की जगाच्या नकाशावर चिकोडी, टायरोन आणि डेट्रॉइट दाखवून झाले की मुलांना आपापल्या घराण्याचे मूळ गावही विचारा. निम्म्या वर्गाचे बोट होटगीच्या बाहेरच जाईल.

परवा ते शेतकरी गृहस्थ पुन्हा फलाटावर भेटले. गाडीला उशीर होता, तेव्हा ही सगळी कथा त्यांना सांगितली. शील्ड्सच्या तलवारीवर ते मनापासून हसले. डेट्रॉइटचे ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "सर, आन् त्या काळ्या लोकांचं पुढं काय? त्यांनी काय करायचं?"

मी सांगितले, "अण्णा, प्रतिनिधिगृहाची मुदत दोनच वर्षांची असते. दर दोन वर्षांनी त्यांना विचार करता येतो, हाच ठेवायचा की दुसरा आणायचा."

"दोनच वर्सं?" ते चकित होऊन म्हणाले, "मग निवडून आलेला गडी काम कवा करायचा, आन् परत मतं मागाया कवा फिरायचा?"

याचे उत्तर द्यायच्या आधी विजापूरची गाडी आली.